बोलणे कळते की नाही, हे कोणत्या यादीवरून ठरवायचे?

एखाद्याचे बोलणे समोरच्याला किती कळते, हे आकड्यात सांगण्याची वेळ पूर्वी फारशी येत नसे. घरच्यांना कळत असे, शेजाऱ्यांना निम्मेशिम्मे कळत असे, परक्याला घरचे कोणीतरी समजावून सांगत असे आणि व्यवहार चालत असे. आता तेवढ्यावर भागत नाही. अंगावरून वारे गेल्यामुळे जीभ जड झालेला माणूस, दुभंगलेल्या टाळूची शस्त्रक्रिया झालेले मूल, तोंडाच्या कर्करोगात जिभेचा भाग काढावा लागलेली बाई, कंपवातामुळे पुटपुटण्यावर आलेले आजोबा, या सर्वांच्या वाणीची सुबोधता मोजावी लागते. उपचार सुरू करावेत का, काही महिन्यांनी त्यांचा उपयोग झाला का, शाळेत मुलाला कोणती मदत लागेल, हे त्या मोजमापावरून ठरते. शिवाय 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने मान्य केलेल्या 21 प्रकारांत वाचा व भाषा दोषाचा समावेश आहे, आणि केंद्र सरकारने जाहीर केलेल्या मूल्यमापनाच्या मार्गदर्शक सूचनांत वाणीची सुबोधता हा प्रमाणपत्राचा एक निकष आहे. 40 टक्क्यांच्या अलीकडे की पलीकडे, यावर आरक्षण आणि अनेक सवलती अवलंबून असतात. त्यामुळे हा आकडा दवाखान्याच्या फायलीपुरता राहिलेला नाही. त्याची चर्चा स्पीच थेरपिस्टच्या वर्तुळाबाहेरही व्हायला हवी.

हा आकडा ज्या शब्दांवर आणि वाक्यांवर उभा असतो, त्यांची निवड कोणी केली, कोणासाठी केली आणि कोणावर पारखून पाहिली, हे प्रश्न मात्र क्वचितच विचारले जातात. माझे म्हणणे असे आहे की, पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या किनारपट्टीवर सुबोधता मोजण्यासाठी वापरायची सामग्री या किनाऱ्यावरच्या प्रत्यक्ष बोलण्यातून घडवली पाहिजे आणि रुग्णांवर वापरण्याआधी याच भागातल्या धडधाकट माणसांवर ती तपासून घेतली पाहिजे. तसे केलेले नसेल, तर आलेल्या टक्क्यांत आजाराचा वाटा किती आणि बोलीचा वाटा किती, हे कोणालाही सांगता येणार नाही.

अशा याद्यांचा जन्म रुग्णांसाठी झालेलाच नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत टेलिफोनच्या तारेतून बोलणे कितपत स्पष्ट पोचते, हे पाहण्यासाठी अमेरिकेतल्या अभियंत्यांनी अर्थहीन अक्षरगट आणि सुटे शब्द वाचून दाखवण्याची व ऐकणाऱ्याकडून ते लिहून घेण्याची पद्धत बसवली. दुसऱ्या महायुद्धात सैन्याच्या दळणवळणासाठी हार्वर्ड विद्यापीठातल्या प्रयोगशाळेत ती पुढे नेली गेली, आणि तिथल्या इगन यांनी 1948 साली प्रसिद्ध केलेल्या ध्वनिसंतुलित, म्हणजे रोजच्या बोलण्यात ज्या प्रमाणात येतात त्याच प्रमाणात ध्वनी असलेल्या, शब्दयाद्या पुढच्या अनेक श्रवणचाचण्यांचा पाया ठरल्या. त्या सगळ्या उद्योगात बोलणारा ठणठणीत होता आणि ऐकणारा सरावलेला होता. संशय होता तो तारेवर. दवाखान्यात ही पद्धत आली तेव्हा संशय बोलणाऱ्यावर सरकला, पण यादी आणि ऐकणारा हे दोघे पूर्वीसारखेच निर्दोष धरले गेले. पुढे 1981 मध्ये यॉर्कस्टन आणि ब्यूकलमन यांनी डिसार्थ्रियासाठी, म्हणजे मज्जासंस्थेच्या दोषामुळे अडखळणाऱ्या उच्चारांसाठी, सुट्या शब्दांची आणि 5 ते 15 शब्दांच्या वाक्यांची चाचणी तयार केली. 1989 मध्ये केंट आणि सहकाऱ्यांनी 70 शब्दांची अशी चाचणी मांडली की, ऐकणाऱ्याने कोणता शब्द कोणता समजून घेतला यावरून 19 ध्वनिभेदांपैकी नेमका कोणता ढळला आहे ते कळावे. किती कळते एवढ्यावर न थांबता का कळत नाही तेही सांगणारी ही चाचणी माझ्या मते या क्षेत्रातली सर्वांत महत्त्वाची पायरी आहे, आणि तिची नक्कल करताना सर्वांत जास्त चुका होतात त्याही इथेच.

कारण ध्वनिभेद प्रत्येक भाषेचे आपापले असतात. इंग्रजीत अर्थ न बदलणारे महाप्राण मराठीत अर्थ बदलतात. ताट आणि थाट, दार आणि धार, सात आणि साथ, पाट आणि पाठ या जोड्यांत फरक असतो तो श्वासाच्या एका झोताचा, आणि स्वरयंत्राचा व जिभेचा ताळमेळ बिघडलेल्या रुग्णात तो झोत सहज डळमळू शकतो. मोट आणि बोट, माळ आणि बाळ या जोड्यांत टाळूचा पडदा नाकाची वाट बंद करतो की नाही एवढाच फरक आहे. टाळूतून हवा निसटणाऱ्या मुलाचे ‘बोट’ ऐकणाऱ्याला ‘मोट’ वाटू शकते. वेळ आणि वेल, काळ आणि काल यांत जिभेचे टोक किती मागे वळते ते तपासले जाते. अशा जोड्या नीट निवडल्या, तर ऐकणाऱ्याच्या चुकांचा कागद हाच निदानाचा नकाशा होतो.

मात्र जोड्या कानाने शोधाव्या लागतात, आणि आपल्याकडे त्या बहुधा कागदावर शोधल्या जातात. दिन आणि दीन, सुत आणि सूत या जोड्या लिहिताना वेगळ्या दिसतात. ऱ्हस्वदीर्घाचा हा भेद रोजच्या बोलण्यात भरवशाने ऐकू येत नाही. धडधाकट माणसाने उच्चारलेल्या अशा शब्दांतही ऐकणारा अंदाजच करणार, आणि ते गुण मात्र रुग्णाच्या खात्यातून वजा होणार. उलट ‘चार आंबे’ आणि ‘गुरे चार’ यांतले दोन चकार लिहायला अगदी एक, पण पहिला तालव्य आणि दुसरा दंततालव्य. ‘जरा’ हा शब्द वार्धक्याच्या अर्थाने आणि थोड्याशा अर्थाने उच्चारून पाहावा. जिभेवर शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णासाठी हा भेद तपासण्याजोगा आहे, पण लिहिलेल्या यादीत तो दिसतच नाही, म्हणून निवडलाही जात नाही. देवनागरी जसे बोलावे तसे लिहिते, ही आपली समजूत याबाबतीत चांगलीच महागात पडते.

एवढ्या गोष्टी कोणत्याही मराठी भागाला लागू आहेत. कोकणात आणखी एक थर येतो. ग्रिअर्सन यांच्या ब्रिटिशकालीन भारतीय भाषा-सर्वेक्षणाचा मराठीवरचा सातवा खंड 1905 साली निघाला, त्यातच या किनाऱ्यावरच्या बाणकोटी, संगमेश्वरी, चित्पावनी अशा बोली वेगवेगळ्या नोंदवलेल्या आहेत. रायगडातल्या आगरी-कोळी बोलण्यात ‘ळ’च्या जागी ‘ल’ आणि ‘ण’च्या जागी ‘न’ येतो. कोळी स्वतःला कोली म्हणवतो, डोळा हा डोला होतो, पाणी हे पानी होते. आता याच भागातली, वर्षानुवर्षे मिश्री लावलेली, जिभेच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेली एखादी बाई तपासणीला आली आणि तिच्यापुढे वेळ-वेल, काळ-काल अशा जोड्या ठेवल्या, तर ती त्या सर्व जोड्यांत नापास होईल. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी तपासले असते तरी ती तिथेच नापास झाली असती. जिभेच्या टोकाची हालचाल मोजायला निवडलेला हा भेद तिच्या बाबतीत काहीही मोजत नाही, आणि तरीही अहवालात तो आजाराच्या नावावर जमा होतो.

मालवणीत असेच वेगळ्या वाटेने घडते. साठी उलटलेल्या, पक्षाघातातून सावरत असलेल्या एका खलाशाची तपासणी मला बारकाईने पाहायला मिळाली. तपासणारी तरुण मुलगी देशावरची, मनापासून काम करणारी. ती वाक्य म्हणे आणि तो मागोमाग म्हणे. तिने म्हटले, “बाबा पाटावर बसले.” तो सावकाश, ओठ जुळवत म्हणाला, “बाबा पाटार बसले.” तिने कागदावर खूण केली: मधले अक्षर गळले. पुढच्या वाक्यातला विंचू त्याच्या तोंडी इंचू झाला, आणि तिने पुन्हा खूण केली: आद्य व्यंजन गळले. तिच्या दृष्टीने दोन्ही खुणा बरोबर होत्या, कारण अक्षरे गळणे हे डिसार्थ्रियाचे नेहमीचेच लक्षण आहे. पण झाडार, वाटेर, पाटार ही मालवणीची सरळ रूपे आहेत आणि ‘इंचू’ तर आजाराशिवायही गावभर ऐकू येतो. शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोने तेच वाक्य म्हटले असते, तर तिच्याही नावावर त्या दोन खुणा पडल्या असत्या. आजाराची खूण आणि बोलीची खूण एकाच घडणीची असते तेव्हा तपासणाऱ्याचा प्रामाणिकपणा पुरत नाही. ती गाठ यादी करणाऱ्याने आधीच सोडवून ठेवायला हवी.

सर्वांत नाजूक प्रकरण आहे ते अनुनासिकांचे. दुभंगलेल्या टाळूच्या मुलांची नोंद राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात होते. हा कार्यक्रम 2013 साली सुरू झाला तो पालघरहून, म्हणजे याच किनाऱ्याच्या उत्तर टोकावरून. शस्त्रक्रिया वेळेवर झाली तरी पडदा पुरेसा हलतो का, बोलताना हवा नाकातून निसटते का, हे पुढे बोलण्यावरूनच पारखावे लागते. त्यासाठी जगभर वापरली जाणारी युक्ती सोपी आहे. एका वाक्यात शक्यतो एकाच लक्ष्य व्यंजनावर भर द्यायचा आणि ङ, ञ, ण, न, म यांपैकी काहीही त्यात येऊ द्यायचे नाही. मग वाक्यात नाकाचा सूर ऐकू आला, तर तो दोषाचा समजायचा. ‘काका काजू भाजतात’ किंवा ‘आत्या ताटात तूप ओतते’ ही वाक्ये या कसोटीला उतरतात. दुसऱ्या संचात मुद्दाम नासिक्य वर्ण भरायचे, म्हणजे नाक चोंदलेले असल्यास तेही उघड होते.

मालवणी मूल ‘ह्यां’, ‘तां’, ‘खंय’, ‘थंय’ म्हणते तेव्हा त्याचे स्वर नाकातूनच यायला हवेत. तसे आले नाहीत तर त्याच्या आजीला ते चुकीचे वाटेल. चित्पावनीतही स्वरांचे हे नाकातले वळण आहे. घाटावरून नव्याने आलेल्या ऐकणाऱ्याच्या कानाला हा सूर सरसकट ‘नाकातले बोलणे’ वाटतो, आणि मोकळ्या संभाषणावरून श्रेणी द्यायला सांगितली, तर तो धडधाकट मुलालाही एक पायरी खाली बसवू शकतो. म्हणून या बोलीतल्या मुलांसाठीच्या वाक्यांत नासिक्य व्यंजनांप्रमाणे हे अनुनासिक शेवटही टाळावे लागतील, आणि मोकळ्या संभाषणाची श्रेणी देताना त्याच वाडीतल्या दोषरहित मुलांचे ध्वनिमुद्रण शेजारी ठेवावे लागेल.

सामग्रीला कोकणी रूप द्यायचे म्हणजे काय करायचे, याविषयीचा एक गोड गैरसमज इथे दूर केला पाहिजे. पुण्याच्या यादीतले सफरचंद काढून तिथे आंबा, फणस, नारळ, माड, समुद्र, मासे आणि गणपती बसवले की यादी कोकणची झाली, असे पुष्कळांना वाटते. पण या शब्दांची अक्षरे जरा पाहावीत. आंब्यात म, फणसात ण, नारळात न, माडात, समुद्रात आणि माशात म, गणपतीत पुन्हा ण. टाळूच्या चाचणीसाठी यांतला एकही शब्द चालणार नाही. कोकम आणि करवंदही त्याच कारणाने बाद होतात. उरतात ती काजू, सुपारी, केळी, होडी, जाळे, कुर्ली, पेज, भात अशी कमी मिरवणारी मंडळी, आणि काम त्यांच्याचकडून घ्यावे लागते. पर्यटनाच्या जाहिरातीतले कोकण आणि चाचणीला लागणारे कोकण यांत एवढे अंतर आहे.

कुर्लीवरून चित्रांचा प्रश्न निघतो. लहान मुलांना आणि निरक्षर वृद्धांना वाचायला देता येत नाही, म्हणून चित्र दाखवून नाव विचारतात. खेकड्याचे चित्र यादीत घातले ते ‘ख’ तपासण्यासाठी. वेंगुर्ल्याकडचे मूल ‘कुर्ली’ म्हणून मोकळे होते. कोळंबीला ते ‘सुंगटां’ म्हणते. सहृदय तपासनीस उत्तर बरोबर मानतो आणि पुढे जातो, पण तपासायचा ‘ख’ तसाच राहून गेलेला असतो. पर्यायी नावे मान्य करणे ही सौजन्याची गोष्ट झाली. चाचणीच्या दृष्टीने तिथे एक मोकळी जागा राहते आणि दोन मुलांचे गुण वेगवेगळ्या ध्वनींवर मोजले जातात. त्यासाठी किनाऱ्यावर सर्वत्र एकाच नावाने ओळखल्या जाणाऱ्या वस्तू, म्हणजे नाक, कान, हात, गाय अशा, आधी गावोगाव विचारून निश्चित कराव्या लागतील. काम कंटाळवाणे आहे आणि त्याला फारशी बुद्धीही लागत नाही. कदाचित म्हणूनच ते झालेले दिसत नाही.

वाचता येणाऱ्यांच्या बाबतीत दुसरीच अडचण. छापील वाक्य हातात दिले की, कोकणातला माणूस शाळेतल्या आवाजात वाचतो. घरी ‘माका होया’ म्हणणारा गृहस्थ ‘मला हवे आहे’ असे एकेक शब्द सुटा करत, जरा ताठ बसून म्हणतो. हा आवाज त्याच्या रोजच्या बोलण्यापेक्षा संथ आणि स्पष्ट असतो, त्यामुळे आकडा फुगतो; किंवा त्याचे वाचनच कच्चे असते आणि आकडा त्या कारणाने पडतो. दोन्हीकडून जे मोजले जाते ते शालेय शिक्षण. मागोमाग म्हणायला लावण्यातही खोट आहे, कारण तपासणाऱ्याचा नमुना कानात ताजा असताना रुग्ण एरवीपेक्षा बरे उच्चारतो. निर्दोष मार्ग यांत कोणताच नाही. रोजच्या बोलण्याचा एखादा तुकडा, बाजारातला भाव सांगणे, वाट सांगणे, काल काय केले ते सांगणे, हा यादीच्या जोडीला असलाच पाहिजे, भले मग त्याचे गुण देणे किचकट का असेना.

आता ऐकणाऱ्याकडे वळू. मिलर, हाइझ आणि लिख्टन यांनी 1951 साली दाखवून दिले की, तेवढ्याच गोंगाटात तोच शब्द सुटा असताना जितका कळतो, त्याहून वाक्यात जास्त कळतो, कारण ऐकणारा उरलेले स्वतः भरून काढतो. ‘नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहतात’ हे वाक्य किनाऱ्यावरच्या ऐकणाऱ्याला रुग्णाने पहिला शब्द धड उच्चारला तरी पुरते. पुढचे तो झोपेतही लिहील. म्हणी, आरत्यांच्या ओळी, पाढे, सणांची वाक्ये ही सामग्री म्हणून अगदीच कुचकामी आहेत, तरी ती सर्वांत आधी सुचतात, कारण सर्वांना येतात. वाक्य साधे, व्याकरणशुद्ध आणि अर्थपूर्ण असावे, पण एक शब्द ऐकून दुसरा ओळखता येऊ नये: ‘काकीने जुनी पेटी दारात ठेवली’ यात पेटीच्या जागी खाट, पाटी, बादली काहीही येऊ शकते. अशी वाक्ये लिहिणे वाटते तेवढे सोपे नाही. लिहिणाऱ्याच्या हातून नकळत सुभाषित उतरते.

शिवाय एका ऐकणाऱ्याने एक यादी एकदाच ऐकायची असते. दुसऱ्या खेपेस त्याला शब्द पाठ झालेले असतात. जिल्ह्याच्या ठिकाणी एकच थेरपिस्ट असेल आणि तिच्याकडे एकच यादी असेल, तर काही आठवड्यांत ती यादी तिच्या कानाला पाठ होते, आणि त्यानंतर प्रत्येक रुग्ण तिला सुधारलेला वाटू लागतो. म्हणून सारख्या कठीणपणाच्या अनेक याद्या हव्यात, आणि गुण देणारा कान तिचा नको. कान परका हवा, पण किती परका, हा खरा प्रश्न आहे. माझ्या मते दोन कान हवेत: एक त्याच किनाऱ्यावरचा, रुग्णाला न ओळखणारा, आणि एक बाहेरचा. समजा पहिल्याला शंभरातले 80 शब्द कळले आणि दुसऱ्याला 55, तर मधल्या 25 शब्दांसाठी रुग्णाच्या जिभेला व्यायाम देऊन काही साधणार नाही. मात्र त्या रुग्णाला मुंबईत नोकरी करायची असेल, तर ही दुसरी संख्या त्याला माहीत असणेही आवश्यक आहे. दोन्ही लिहाव्यात, सरासरी काढून दोन्हींचा अर्थ घालवू नये.

गुण कसे द्यायचे, यातही उसनवारी नडते. इंग्रजी चाचण्यांत बरोबर कळलेले शब्द मोजतात, कारण तिथला शब्द लहान असतो. ‘बाजारातून’ हा मराठीत एक शब्द; त्यात नाम आहे, सामान्यरूप आहे आणि दोन विभक्तीअर्थ एकमेकांवर चढलेले आहेत. ऐकणाऱ्याने ‘बाजारात’ लिहिले, तर तो शून्य की अर्धा? काटेकोरपणे शून्य दिला, तर पाच शब्दांच्या मराठी वाक्यात एक शेवट हुकल्याने वीस टक्के जातात. सैल सोडले, तर जाणारा आणि येणारा यांतला फरक न कळूनही पूर्ण गुण मिळतात. धातू किंवा मूळ शब्द आणि शेवट यांचे गुण वेगळे ठेवावेत असे मला वाटते, आणि किनाऱ्यावर तर ‘पाटावर’ ऐवजी ‘पाटार’ लिहिणाऱ्याला पूर्ण गुण द्यावेत हे नियमातच छापलेले असावे. यॉर्कस्टन-ब्यूकलमन यांच्या पद्धतीत मिनिटाला किती शब्द कळाले तेही काढतात आणि धडधाकट बोलणाऱ्यांच्या 190 शब्दांशी ताडतात. तो 190 चा आकडा इंग्रजी शब्दांचा आहे. लांब शब्दांच्या मराठीला तो जसाच्या तसा लावला, तर इथला कोणीही मंदगती ठरेल.

गोंगाटाविषयी थोडक्यात सांगतो. बंद, शांत खोलीत मिळालेला आकडा पत्र्याच्या छपराखाली जुलैतल्या पावसात टिकत नाही. गोंगाटात माणूस आपोआप आवाज चढवतो हे लोम्बार यांनी 1911 सालीच नोंदवले होते; कंपवाताच्या रुग्णाला तेवढा आवाज चढवता येतोच असे नाही. एखादी यादी तरी मुद्रित गोंगाट लावून घ्यावी. त्याला फारसा खर्च येत नाही.

या सगळ्यावर एक आक्षेप वजनदार आहे. बोलीगणिक यादी केली, तर सावंतवाडीचा रुग्ण आणि साताऱ्याचा रुग्ण यांची तुलना कशी करायची, आणि प्रमाणपत्रात सर्वांना एक माप कसे लावायचे? मापाचा एकसारखेपणा हा न्यायाचाच भाग आहे, हे मी नाकारत नाही. पण एकच यादी सर्वांना लावल्याने माप एक होते, हेच मुळात खरे नाही. साताऱ्याच्या धडधाकट माणसाला ज्या यादीत शंभरपैकी 98 मिळतात आणि अलिबागजवळच्या कोळीवाड्यातल्या धडधाकट माणसाला समजा 88, ती यादी दोघांना दोन मापे लावते. फक्त कागदावर ते दिसत नाही. तुलना करायची असेल, तर ती ज्याच्या त्याच्या भागातल्या धडधाकट माणसापासून किती खाली, अशी करावी लागेल.

दुसरा आक्षेप पालकांचा असतो आणि तो मला अधिक अस्वस्थ करतो. आमच्या मुलाला मालवणीत तपासू नका, त्याला शाळेत शुद्ध बोलायचे आहे, असे ते सांगतात. त्यांची गरज खरी आहे. प्रमाण मराठी शिकवावी, जरूर शिकवावी. पण ते शिक्षकाचे काम, आणि ‘डोला’ म्हणणाऱ्या आगरी मुलाला त्यासाठी महिनोन्‌महिने थेरपीच्या रांगेत उभे करणे म्हणजे ज्याला खरोखर ‘ळ’ काढता येत नाही त्याची जागा अडवणे आहे. किनारपट्टीवर या रांगा आधीच लांब आहेत.

मग करावे काय? गावोगाव वेगळी चाचणी मी मागत नाही. एक गाभ्याची यादी हवी, जिच्यात फक्त असे ध्वनिभेद असतील जे आगरी, संगमेश्वरी, मालवणी आणि प्रमाण मराठी या सर्वांत शाबूत आहेत: प आणि ब, त आणि द, क आणि ग, ओठांचे आणि नाकाचे भेद. ळ-ल आणि ण-न यांना या गाभ्यात जागा नाही. तिच्या जोडीला बोलीप्रमाणे एक छोटी पुरवणी असावी, जिच्यात त्या बोलीचे स्वतःचे भेद आणि शेवट येतील. गाभ्यावरून प्रमाणपत्र, पुरवणीवरून उपचार, अशी विभागणी मला व्यवहार्य वाटते. मराठीच्या बोलींचे ध्वनिमुद्रणासह सर्वेक्षण डेक्कन कॉलेजने हाती घेतलेले आहे. शब्द कुठे कसा बदलतो याची माहिती शून्यापासून गोळा करावी लागणार नाही. वांद्र्याची ‘अली यावर जंग’ राष्ट्रीय संस्था 1983 पासून वाणी आणि श्रवणदोषांवर काम करते आहे, आणि तिथून मुंबईच्या किनाऱ्यावरचे कोळीवाडे काही किलोमीटरवर आहेत. भाषाशास्त्राचे विद्यार्थी आणि स्पीच थेरपीचे विद्यार्थी एकाच शोधप्रबंधावर काम करताना मी अजून पाहिलेले नाहीत. या विषयात त्यांना एकमेकांवाचून गत्यंतर नाही.

हल्ली एक सोपा उपाय सुचवला जातो की, मोबाइललाच ऐकू द्यावे आणि यंत्राने जितके शब्द बरोबर लिहिले तितके टक्के द्यावेत. यंत्र थकत नाही आणि त्याला यादी पाठ झाली तरी ती पुसता येते, हे खरे. पण त्याला ज्यांचे बोलणे ऐकवून शिकवले त्यांच्यात दापोलीचा मच्छीमार किती होता, हा प्रश्न आधी विचारावा लागेल. नाहीतर देशावरच्या परक्या कानाची जागा दुसरा तितकाच परका कान घेईल, आणि त्याच्याशी वादही घालता येणार नाही.

नवी यादी तयार व्हायला काही वर्षे लागतील. तोवर एक गोष्ट उद्यापासून करता येण्याजोगी आहे, आणि तिला निधीही लागत नाही. सुबोधतेचा आकडा जिथे लिहिला जातो, मग तो उपचाराचा अहवाल असो की वैद्यकीय मंडळाचे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र, तिथे त्याच्याखाली तीन ओळी सक्तीच्या कराव्यात: कोणती यादी वापरली आणि रुग्णाने ती वाचली, मागोमाग म्हटली की चित्र पाहून सांगितली; ऐकणारा कोण होता, कोणत्या भागातला आणि रुग्णाला ओळखणारा की परका; आणि रुग्ण घरी कोणती बोली बोलतो. यांतली तिसरी ओळ आज मी पाहिलेल्या कोणत्याही छापील नमुन्यात नाही. ती असती, तर त्या खलाशाच्या कागदावरच्या दोन खुणा फेरतपासणीत कोणाच्या तरी लक्षात आल्या असत्या.